डोंगराला भोक

अस्तर

पोतोसीत भिंतीवर डोंगर काढायचा तर टोकदार काढतात. खरा, पालिकेनं मला रंगवायला दिलेल्या भिंतीमागेच उभा आहे, पण त्याचं टोक आत बसून तिथं भोक पडलंय. चांदी कधीच गेली. आता कथील, जस्त, जे हाताला लागेल ते. त्या टोकाखाली माझा मेहुणा सेवेरो खणतो. तिथं खणायला बंदी आहे. हे त्यालाही ठाऊक आहे आणि बंदी घालणाऱ्यांनाही.

पहिला हात

"भोकासकट काढ," माझी बायको निकासिया म्हणाली. "परदेशी पाहुणे येणारेत, बघतील, विचारतील. मग पालिकेच्या साहेबांना बंदी पाळायला लावावी लागेल. माझा भाऊ जिवंत खाली येईल."

सेवेरो शिडीला टेकून कोकाची पानं चघळत होता. "दाजी, टोक काढा. खाली येऊन काय करू? तुमचा रंगाचा डबा धरू?"

"अख्खं स्पेन आमच्या चांदीवर बसलंय," शेजारच्या ग्रेगोरियाकाकी म्हणाल्या. "डोंगर परत मागायचा तर तो पुरा दाखवायला नको?"

दुसरा हात

मी भोक काढलं. राखाडी, बेताचं.

संध्याकाळपर्यंत भिंतीखाली दारू सांडलेली, कोकाची पानं, कागदी माळा. इथं जखमी डोंगराला आधी पाजतात, मग बोलतात. काकींनी तर बाटलीच रिकामी केली.

"पुरा हवा होता ना?" मी विचारलं.

"दुखतंय त्याला. तू तुझं काम कर."

तिसरा हात (मारलाच नाही)

पालिकेचे साहेब आले. "भोक बुजव."

"साहेब, लोकांनी पाजलंय त्याला. आता ब्रश लावला तर हात झडेल."

त्यांनी दुसरा रंगारी आणला. त्यानं खाली ओल बघितली, टोपी काढली, स्वतःचा घोट ओतला आणि गेला. साहेबांनी ब्रश स्वतः उचलला. साहेबही पोतोसीचेच. ब्रश ठेवला.

वाळल्यावर

पाहुणे आले.

"हे भोक कसलं?" त्यांनी विचारलं.

"आमची परंपरा," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. निकासिया गर्दीतून पुढे गेली. भिंतीमागच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं वर, त्या भोकाखाली, माझा भाऊ आहे."

दुभाष्यानं शब्दन्‌शब्द सांगितलं.

पाहुण्यांनी मान वर करून डोंगराकडे पाहिलं आणि सेवेरोला हात केला.