सत्तरच्या पुढचा धडा

मित्रांनो, गवताला ताप येतो हे तुम्हाला ठाऊक आहे का? येतो बरं. ओलसर गवत दाबून रचून ठेवलं की ते आतल्या आत कुजायला लागतं, कुजता कुजता तापतं, आणि ताप हाताबाहेर गेला तर गोठा घेऊन जातं. मी तो ताप मोजणारा एक जुना तापमापक आहे. डॉक्टरांच्या काचेच्या नळीसारखा नाजूक मात्र नाही. दोन हात लांब पोलादी दांडा, एका बाजूला अणकुचीदार टोक, दुसऱ्या बाजूला बशीएवढी तबकडी आणि तिच्यात एक काटा, एवढाच माझा संसार.

आता मला कुणी हात लावत नाही. हल्ली गवत ओलंच प्लॅस्टिकात गुंडाळून त्याचा मुरघास करतात, त्यामुळे माझं काम संपलं. मोशिनाईच्या दूध संघाच्या मागच्या खोलीत मी फुटक्या बादल्यांशेजारी पडून आहे. त्याचं मला दुःख नाही. ज्याचं आहे, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म ओसाकातल्या एका बोळातल्या कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं मला उकळत्या पाण्यात बुडवलं, बर्फात बुडवलं, काटा जागेवर बसेपर्यंत पुरतं छळलं, आणि मग तबकडी पुसत म्हणाला, “खोटं बोलायचं नाही.” मी आजवर एकदाही खोटं बोललो नाही. पण नुसतं खरं बोलून भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी असं करत मी जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटाच्या पूर्व टोकाला मोशिनाईला आलो. इथे भात पिकत नाही. गवत पिकतं, आणि गवतावर गाई. उन्हाळा म्हणजे घाईतला पाहुणा, चहा होईपर्यंतही थांबत नाही. जे काही शिकायचं ते बर्फ पडल्यावर. म्हणून दरवर्षी जानेवारीत संघाच्या दिवाणखान्यात शेतकऱ्यांचा वर्ग भरायचा. शिकवायला सरकारी शेतीखात्याचे नुमातामास्तर यायचे. गवत कधी कापावं, किती वाळवावं, दुधाची बादली कशी धुवावी, असे दहा दिवसांचे धडे. मास्तर मोठे कळकळीचे. बर्फात सहा मैल चालत यायचे आणि मिशीवरचं बर्फ वितळायच्या आत बोलायला सुरुवात करायचे.

वर्गाच्या बोलावण्याची चिठ्ठी घरटी एक यायची आणि ती घरच्या कर्त्याच्या नावाची असायची. कर्ता म्हणजे पुरुष, हे काही वेगळं लिहावं लागत नसे. बायकाही यायच्या, पण त्या मागच्या खोलीत, चहा करायला आणि मुळ्याचं लोणचं कापायला. मध्ये एक सरकतं दार होतं. ऊब जाऊ नये म्हणून ते लावलेलं असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मास्तरांनाही नाही. खरं सांगायचं तर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या मलाही नाही.

इकडे दारापुढे काय चालायचं? कर्ते पुरुष पहाटे चारला उठून धारा काढून, बर्फ उपसून आलेले असत. लोखंडी शेगडी लाल झालेली असे. मास्तरांचा आवाज एकसुरी. पहिल्या अर्ध्या तासात निम्मे पेंगायचे. तिसऱ्या रांगेतला तोकुजी इगाराशी तर हनुवटी छातीवर टेकवून असा गाढ झोपायचा की त्याच्या मांडीवरची वही रोज खाली पडायची.

तोकुजी माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, चौदा गाई बापाच्या मागे त्यानं वाढवल्या होत्या. फक्त आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे त्याच्या तोंडून निघत नसे. त्याची बायको हात्सुए बंदरावरच्या न्हाव्याची मुलगी. लग्नापूर्वी तिनं गाय दुरूनच पाहिली होती. पहिल्या वर्षी लाथा खाऊन शिकली, आणि मग शिकायची तिला जी चटक लागली ती लागलीच. ती मागच्या खोलीत दाराला लागून बसायची. पेंडीच्या पिशवीचा कागद फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या तुकड्यानं ऐकू येईल तेवढं उतरून घ्यायची. चहाचा सगळा कारभार पाहणाऱ्या इशिदाकाकू तिला चिडवायच्या, “काय गं हात्सुए, परीक्षेला बसतेस की काय? आधी कप मोज.” ती हसायची, कप मोजायची आणि पुन्हा दाराशी जाऊन बसायची.

एका वर्षी माझा धडा आला. मला फार आनंद झाला होता, लपवत नाही. मास्तरांनी मला वर्गासमोर आणलेल्या गठ्ठ्यात खुपसलं आणि सांगितलं, “घाई करायची नाही. पंधरा मिनिटं आत राहू द्या, मगच वाचा. पन्नास अंशांपर्यंत काळजी नाही. साठ झालं की दिवसातून दोनदा बघा. आणि सत्तर दाखवलं...”

नेमकी तेव्हाच मागे किटली आटली. इशिदाकाकूंनी हात्सुएला पंपावरून पाणी आणायला पिटाळलं. पंप गोठलेला. तो सुटेपर्यंत ती बाहेर बर्फात दांडा हलवत राहिली. परत आली तेव्हा मास्तर बादल्या धुण्याच्या धड्यावर पोचले होते. तिच्या कागदावर ‘सत्तर’ लिहिलेलं राहिलं आणि त्याच्यापुढे काहीच नाही. आणि तिसऱ्या रांगेत तोकुजीची वही खाली पडलेली होती.

जून संपता संपता समुद्रावरून धुकं आलं. अकरा दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. गठ्ठे बांधायचं यंत्र सगळ्या गावात मिळून एकच, ते पाळीनं घरोघर फिरायचं. पाळी चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, तोवर कापलेलं गवत शेतातच काळं पडणार. तोकुजीच्या पाळीच्या दिवशी गवत वरून वाळल्यासारखं दिसत होतं, आत दमट होतं. त्यानं मूठभर गवत पिळून पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि बांधून टाकलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानं हेच केलं असतं. सगळे गठ्ठे गोठ्याच्या माळ्यावर, गाईंच्या डोक्यावर रचले गेले.

आठवड्यानं माळ्यावरून गोडसर वास यायला लागला, तंबाखूसारखा. हात्सुएला तो आवडला नाही. तिनं संघातून मला मागून आणायला लावलं. “गवताची नाडी बघणार आमची डॉक्टरीणबाई,” असं तोकुजी शेजाऱ्यांना हसत सांगत होता, पण आणलं त्यानं. मला तिनं फार नीट वापरलं. पुसायची, सरळ खुपसायची, पंधरा मिनिटं खाली धारा काढून मग वर येऊन वाचायची. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. नवव्या दिवशी बासष्ट.

त्या दिवशी तिनं शिडीवर उभ्या असलेल्या तोकुजीला विचारलं, “अहो, सत्तरच्या पुढे गेलं तर काय करायचं म्हणाले होते मास्तर? मी तेव्हा पाण्याला गेले होते.”

मित्रांनो, त्याचा चेहरा माझ्यासमोर होता. ‘मला माहीत नाही, मी झोपलो होतो’ एवढंच म्हणायचं होतं. संघ सहा मैलांवर होता, मास्तर उन्हाळ्यात तिथेच मुक्कामाला असत, घरात फोनही होता. पण चिठ्ठी त्याच्या नावाची होती ना! तो म्हणाला, “काढून पसरायचं. दुसरं काय? गरम भात कसा पसरतेस?”

तिला ते पटलं. कुणालाही पटावं असंच होतं ते. तिनं खिशातला कागद काढला आणि ‘सत्तर’च्या पुढे ‘काढून पसरणे’ असं नीट अक्षरात लिहिलं. मी तिथेच गठ्ठ्यात रुतलेला होतो. मला काटा आहे, तोंड नाही. काटा किती ते सांगतो, काय करायचं ते सांगत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच कीव आली.

पाच दिवसांनी तोकुजी शेजारच्या वाडीवर गवतकापणीला गेला होता, त्यांच्या मदतीची परतफेड करायला. हात्सुए एकटीच होती. दुपार कलल्यावर तिनं गाई आत घेतल्या, आपापल्या खुंट्यांना अडकवल्या, आणि धारेला बसायच्या आधी वर येऊन मला वाचलं. सकाळी अडुसष्ट होतं. शहात्तर.

ती घाबरली नाही. उलट आपल्याला काय करायचं ते माहीत आहे, असा तिचा चेहरा होता. मला काढून तिनं शिडीशी टेकवलं, बाह्या सारल्या, माळ्याची खिडकी सताड उघडली आणि वरचे गठ्ठे ओढून बाजूला टाकायला लागली. एक, दोन, पाच, सहा. सातव्या गठ्ठ्याखालचं गवत काळं पडलेलं होतं. तिनं तो ओढला, आत वारा शिरला, आणि भक्कन जाळ उठला. तिच्या भुवया जळाल्या.

मग मात्र तिनं जे केलं ते कुणी शिकवून येत नाही. ती खाली उतरली आणि धुरात एकेक गाय सोडत गेली. चौदाच्या चौदा सोडल्या, ओरडत, मारत अंगणात काढल्या. पण गाईला भीती वाटली की ती आपल्या जागी जाते. रोज संध्याकाळी जिथे उभं राहायचं तिथे. त्या एकामागून एक पुन्हा आत शिरल्या, आपापल्या खुंट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. तिनं तीन धरून ठेवल्या, दोघींचे दोर हातात आणि एकीचा कमरेला. बाकीच्या अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. त्यांचं हंबरणं शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं, म्हणून तर माणसं धावत आली.

गावानं मदत केली, राख उपसली, जेवण आणून दिलं. आणि जेवण आणता आणता बोललंही. अर्धवट शिकलं की असं होतं म्हणे. बाईनं तापमापकाला हात लावायचा कशाला, कर्ता येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? तोकुजी हे सगळं ऐकत बसायचा आणि खाली बघायचा. हात्सुए त्याच्याकडे एकदाही बघायची नाही. ‘त्यांनीच सांगितलं होतं’ हे ती कुणाजवळ बोलली नाही. त्या दोघांच्या मधली ती शांतता मला आगीपेक्षा जास्त भाजली. त्या वर्षी पानगळीच्या आधी त्यांनी उरलेल्या तीन गाई देऊन टाकल्या आणि बंदरावर निघून गेले.

राखेतून मला मास्तरांनी उचललं. काच तडकली होती, पण मी चालत होतो. पुढच्या जानेवारीत घरटी दोन चिठ्ठ्या गेल्या. मास्तर त्यासाठी संघाच्या लोकांशी भांडले म्हणतात. सरकतं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. पहिल्या दिवशी बायका बिचकत बिचकत आल्या, मागे बसल्या. इशिदाकाकूंनी कागद आणला होता. माझा धडा झाला तेव्हा कुणीही झोपलं नाही.

धडे संपल्यावर मास्तर मला कापडात गुंडाळून बंदरावर घेऊन गेले. हात्सुए आणि तोकुजी माशांच्या कारखान्यामागच्या एका खोलीत राहत होते. ती नुकतीच कामावरून आली होती, हातांना सामन माशाचा वास होता. तिनं चहा केला. मास्तरांनी दोन चिठ्ठ्यांचं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तिनं येऊन सगळ्यांशी बोलावं असं विनवलं.

“माझ्याकडे आता गाय नाही, मास्तर,” ती म्हणाली. “मी येऊन काय करू?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग तिनंच विचारलं, “पण त्या दिवशीचं राहिलेलं सांगाल का? सत्तरच्या पुढचं?”

मास्तरांनी मला कापडातून काढलं. ती हात पुसून गुडघे मोडून समोर ताठ बसली. तोकुजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. मास्तर वर्गात बोलत तसेच बोलायला लागले.

“सत्तर दाखवलं की गंजीला हात लावायचा नाही. आतली धग हवेसाठी टपलेली असते, हवा मिळाली की पेटते. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. आधी गुरं दूर कुरणात नेऊन बांधायची. मग आगबंबवाल्यांना फोन करायचा. ते पाणी धरून उभे राहिले की त्यांनीच गठ्ठे काढायचे.”

“आधी गुरं,” ती म्हणाली.

“हो.”

तोकुजी खिडकीतूनच म्हणाला, “मी झोपलो होतो, मास्तर. तिला मी मनचं सांगितलं.”

हात्सुएनं मान वळवली नाही. ती माझ्या तबकडीकडे बघत होती.

“एवढंच होतं?” तिनं विचारलं.

“एवढंच,” मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तो सगळा धडा दोन मिनिटांचा होता. मला गंज लागला तर लागू द्या, मला पुसायलाही येऊ नका. पण ज्याच्या हातात काम आहे त्याला दाराबाहेर ठेवून शिकवू नका. आणि एखादी गोष्ट आपल्याला माहीत नसेल तर तसं सांगा. मी हे तेव्हा बोलू शकलो नाही.