आवाज न करणारी स्कूटर

"मोटर आणि इंजिन एकच नसतं रे, विक्या! तिकडे असं बोललास तर उभ्या उभ्या हाकलतील," मैत्रेयी ओरडली.

"चाक दोन्ही फिरवतात ना? मग? डोकं नको खाऊ, ताई!"

नववीत शाळा सोडलेला विक्रांत उल्हासनगरच्या गॅरेजात बाइकचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगायचा. आज अंबरनाथ पश्चिमेला, इलेक्ट्रिक स्कूटरच्या वर्कशॉपमध्ये त्याची कामासाठी ट्रायल होती. म्हणून हात साफ करायला त्याने हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगखाली ताईचीच इलेक्ट्रिक स्कूटर काढली. चावी फिरवली, पण आवाजच नाही.

"बंद पडलीय तुझी," म्हणत त्याने सवयीने अ‍ॅक्सिलरेटर पिळला. स्कूटर सुसाट सुटली आणि वॉचमनच्या खुर्चीला धडकली. नशीब, वॉचमन चहाला गेला होता.

मैत्रेयी पोट धरून हसली. "इंजिन पेट्रोल जाळतं, म्हणून उभं असलं तरी धडधडतं. मोटर बॅटरीच्या करंटवर फिरते. पिळेपर्यंत एकदम गप्प."

विक्रांत तापला, पण खुर्ची उचलता उचलता त्यालाच हसू फुटलं.

"म्हणजे पप्पा इंजिन आणि आई मोटर. गप्प दिसली म्हणून बंद समजायचं नाही. आलं डोक्यात. चल, सोड आता, मला निघायचंय."