पट्ट्यांमागे फिरणारा मासा

प्रयोगशाळेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माशाला ती ‘आजोबा’ म्हणायची. करंगळीएवढाही नव्हता, पण रुबाब सासरेबुवांचा. प्रखर उजेड पाडून त्याच्या डोळ्यांतला पडदा मुद्दाम जाळला होता. तरुण माशांचा पडदा पुन्हा उगवतो. म्हाताऱ्यांचा उगवतो का, ते तिला पाहायचं होतं. का, हे काही गुपित नव्हतं. तिला लहानाचं मोठं केलेल्या आत्याच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. आत्या रोज विचारायची, “काय म्हणतायत तुझे मासे?”

चाचणी साधीच. गोल काचपात्रात मासा आणि भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं फिरतं नळकांडं. दिसत असेल तर मासा पट्ट्यांमागे फिरतो. इतके दिवस आजोबा ढिम्म हलत नव्हते. आज दुपारी मात्र दर खेपेला फिरले. तिला राहवेना, तिने घरी फोन लावला.

“आत्या, म्हाताऱ्याला दिसायला लागलं गं.”

आत्या नाक ओढत म्हणाली, “माझाही नंबर लावून ठेव.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी कौतुक केलं आणि म्हणाल्या, “आता दिवे घालवून नळकांडं फिरव.”

बाई भारीच किरकिऱ्या, असं मनात म्हणत तिने दिवे घालवले आणि अंधारात टिपणारा कॅमेरा लावला. मिट्ट काळोखात आजोबा तस्सेच फिरले. नळकांड्याला सकाळी बसवलेल्या नव्या मोटरची थरथर पाण्यात उतरत होती आणि मासा ती अंगाने ओळखत होता. डोळे गेले ते गेलेच होते. फोन करण्याआधी एवढंही सुचू नये, याची तिला भयंकर चीड आली.

घरी जाताना वाटभर ती वाक्यं जुळवत होती. आत्या अंधारातच बसली होती, मांडीवर उसवलेली उशी, हातात सुईदोरा.

“आलीस? मलाही आज बरं दिसतंय हो. दिवा तेवढा लाव.”

“आत्या, तुला एक सांगायचंय,” म्हणत तिने बटण दाबलं. खट्ट आवाज झाला. दिवा उडाला होता. खोलीत अंधार होता तसाच राहिला.

आत्याने तिच्याकडे मान वळवली आणि तोंडभर हसली.

“हं, आता कसं लख्ख दिसतंय. किती दमलेली दिसतेस गं. काय सांगत होतीस?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आज काम फार होतं.”