चाळीस दिवसांचे दूध

तराजूचा काटा स्थिर झाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्स इंदुताईंनी आकडा वाचला, शकूरला झोळीतून उचलले आणि खात्रीसाठी पुन्हा झोळीत ठेवले. आकडा तोच आला.

"अकरा पौंड पाच औंस," त्या म्हणाल्या. "नऊ दिवसांपहिले बारा पौंड दोन औंस होता. लेकरू वाढाचं सोडून उतरून राह्यलं, रौशन. काय पाजून राह्यली तू त्याले?"

"बकरीचं. उकळून. बोंडल्यानं."

"अन् सुग्राबी?"

रौशनने मुलाचे झबले सारखे केले. "तिच्याकडे नेत नाई मी त्याले आता."

बोरी अरबच्या सरकारी दवाखान्यात वजनाचे एक रजिस्टर होते आणि त्यात घट झाल्यास कारण लिहिण्याचा रकाना होता. इंदुताईंनी तिथे 'बकरीचे दूध, जुलाब' असे लिहिले. ते खरे होते आणि अपुरे होते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण रकाना अरुंद होता.

रौशनचा नवरा गफ्फार विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करीत सायकलवरून दारव्हा तालुका फिरायचा. लग्नाला आठ वर्षे झाली होती. दोन मुले जन्मतःच गेली, शकूर तिसरा. तो दोन महिन्यांचा असताना, १९६१ च्या जानेवारीत, रौशनला मुदतीचा ताप आला. यवतमाळच्या इस्पितळात तेवीस दिवस गेले आणि उरलेले सतरा दिवस तिथेच माहेरी. संसर्ग टळेपर्यंत मूल जवळ घेऊ नये असे डॉक्टरांनी बजावले होते. ते चाळीस दिवस शकूर भिंतीपलीकडे राहिला. भिंतीपलीकडे इकबाल पिंजाऱ्याचे घर होते. त्याची बायको सुग्राबी हिला तिची चौथी मुलगी, हमीदा, शकूरच्या तीन आठवडे आधी झाली होती. कोणी विनवण्यापूर्वीच तिने शकूरला उचलून आपल्या दुसऱ्या छातीला लावले होते.

आजारापूर्वी दोघींचे इतके सख्य होते की, दोघीही गरोदर असताना त्या भिंतीवरून एकमेकींना विहीणबाई म्हणून हाका मारीत. आता ते बोलणे बंद पडले होते. एका बाईचे दूध प्यालेली मुले भावंडे ठरतात, त्यांचा निकाह होत नाही, हे मोहल्ल्यातल्या लहान मुलालाही माहीत होते. आपण तापात पडलो असताना आपली सून गेली आणि तिच्या जागी मुलाला एक जास्तीची आई आली, असा रौशनचा हिशेब होता. सून गेल्याचे तिला तितके लागले नव्हते.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "दुधाचा गुण उतरते काय लेकरात?"

इंदुताईंना असे प्रश्न रोज येत. ग्रहण पाहिल्याने ओठ फाटतो का, डाव्या कुशीवर झोपले की मुलगी होते का, बापाचे टक्कल मुलाला केव्हा लागते. त्यांनी विचारले, कसला गुण.

रौशनजवळ यादी तयार होती. शकूर लागोपाठ तीनदा शिंकतो, तशीच सुग्राबीही शिंकते. मूठ गालाखाली घेऊन झोपतो, तशीच हमीदा झोपते. आणि आता हसला की उजव्या गालावर खळी पडते. रौशन यवतमाळला जाण्यापूर्वी ती नव्हती. सुग्राबीच्या उजव्या गालावर खळी आहे.

"दोन महिन्याचं लेकरू हसते किती, की तुले खळी दिसन?" इंदुताई म्हणाल्या. "गफ्फारची दाढी एकदा काढून पाह्य. तिच्याखाली काय हाय ते तुले आठ वर्षांत दिसलं नाई. अन् बकरीचं दूध नऊ दिवस पाजलं ना तू त्याले? बें केलं काय त्यानं?"

रौशनला हसू आले नाही. इंदुताईंनी मग नीट सांगितले की दूध पोटात जाते, तिथे त्याचे दही होते, त्या दह्याचे इतके बारीक तुकडे होतात की ते कोणाचे होते हे शोधायला काही उरत नाही. खळी, शिंक, कातडीचा रंग हे सगळे मूल पोटात राहिले त्याच दिवशी ठरलेले असते. निकाह कोणाशी लावायचा हा मौलवीसाहेबांचा प्रश्न आहे आणि त्यांनी तो सोडवलेला आहे. पोटाला त्यातले काही कळत नाही.

"मंग हे सांगा," रौशन म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "माह्या लेकराचं रडणं आईकून तिले पान्हा काहून फुटते?"

ती यवतमाळहून परत आली त्या दुपारबद्दल ती बोलत होती. अंगणात तिने शकूरला छातीशी घेतले होते. त्याने एकदा तोंड लावले, काही आले नाही, आणि तो मान फिरवून रडू लागला. भिंतीपलीकडे सुग्राबी उभी होती. तिने हात पुढे केला नाही. फक्त तिच्या कुडत्यावर दोन ओले गोल उमटले आणि पाहता पाहता मोठे झाले. तिने ओढणी पुढे घेतली, पण तोवर रौशनने पाहिले होते. मुलाला जन्म देताना तिला जे वाटले नव्हते ते तेव्हा वाटले, की हे मूल आपले असल्याचा पुरावा आपल्या अंगावर नाही. तो दुसरीच्या अंगावर आहे.

इंदुताईंनी यालाही उत्तर दिले. डोक्यात, मेंदूच्या खालच्या अंगाला, वाटाण्याएवढी एक गाठ असते. कानावर रडणे पडले की ती रक्तात एक रस सोडते आणि त्या रसाने दूध उतरते. त्यात बाईच्या मर्जीचा संबंध नसतो. ठेच लागल्यावर डोळ्यांत पाणी येते तितकाच. सुग्राबीच्या शरीराने चाळीस दिवस ते रडणे ऐकले, म्हणून ओळखले.

शास्त्र म्हणून हे विधान बिनचूक होते. रौशनने त्यातला शेवटचा शब्द तेवढा उचलला.

"ओळखलं," ती म्हणाली. "अन् म्या नाई ओळखलं."

"तुह्यं दूध आटलं. आटलेलं दूध परत येते, पण लेकरानं ओढलं पाह्यजे. तुह्या रिकाम्या छातीले ते तोंड लावत नाई अन् तोंड लावल्याशिवाय छाती भरत नाई." इंदुताईंनी रजिस्टर मिटले. "एक करता येईन. पण सुग्राबीची वाटी लागन."

ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. वासरू मेल्यावर गाय पान्हवण्यासाठी गवळी काय काय करतात ते त्यांनी पाहिले होते आणि त्यावरून त्यांनी ती बांधली होती. सुग्राबीने आपले दूध वाटीत काढून द्यायचे. रौशनने शकूरला छातीशी धरायचे. दूध कापसाच्या वातीने तिच्या छातीवर वरून थेंबथेंब सोडायचे, म्हणजे ते ओघळून मुलाच्या तोंडाशी येईल आणि मूल ओढत राहील. दर दोन तासांनी, दिवसभर.

रौशनने नकार दिला आणि शकूरला घेऊन ती घरी गेली. दोन दिवसांनी ती आपणहून परत आली. शकूरचे डोळे खोल गेले होते आणि टाळूवरचा खळगा दिसत होता.

"आणा तिची वाटी," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी वाटी इंदुताईंनी आणली. वात इकबालच्या दुकानातल्या पिंजलेल्या कापसाची होती, उकळून घेतलेली. दुसऱ्या दिवसापासून वाटी भिंतीवर असे. सुग्राबी ती पलीकडून ठेवी आणि रौशन ती अलीकडून उचली, तेवढ्यापुरते दोघींचे हात एकमेकींना दिसत. वाटी कोमट असे. कोमट म्हणजे नेमकी शरीराच्या उष्णतेची, हे रौशनला पहिल्यांदा बोट लागले तेव्हाच कळले आणि त्यानंतर ती वाटी काठाने धरू लागली.

शकूर ओढू लागला. दुसऱ्या बाईचे दूध आपल्या अंगावरून वाहत आपल्या मुलाच्या तोंडात जाताना पाहणे यापेक्षा मुलाला उचलून तिच्या मांडीवर देणे सोपे होते, असे रौशनला अनेकदा वाटले. पण मग तो तिथे झोपला असता, मूठ गालाखाली घेऊन. इथे तो निदान तिच्या हातांत झोपत होता. ती दात आवळून वात बुडवी आणि शकूर ओढी. त्याला वरून काय येते आणि आतून काय येते याच्याशी कर्तव्य नव्हते. गफ्फार जेवायला आला की दारातूनच विचारी, "आलं काय?" आणि ती नकारार्थी मान हलवी. आठव्या दिवशी त्याने विचारणे सोडले.

बाराव्या दिवशी वात बाजूला ठेवल्यावरही शकूर ओढत राहिला आणि त्याच्या गिळण्याचा आवाज आला. रौशनने श्वास रोखून तो मोजला. सतरा घोट होते.

त्यानंतर चार दिवसांनी तिने सुग्राबीला भिंतीवरून सांगितले की आता वाटीची गरज नाही. शेजारच्या घरातून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, चिमूटभर साखर तरी टाकायची, असा मोहल्ल्याचा रिवाज होता. रौशनने वाटी राखेने घासली, पुसली आणि रिकामी भिंतीवर ठेवली. सुग्राबीने ती उचलली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं, रौशन. अल्लानं आईकलं." तिच्या आवाजात काही नव्हते. तिच्या आवाजात काही नसावे याचाही रौशनला राग आला.

पुढल्या वजनाला शकूर बारा पौंड नऊ औंस भरला. इंदुताईंनी विचारले की सुग्राबी भेटते का. रौशन म्हणाली, भेटते की, भिंत तर एकच आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुग्राबी गाद्यांच्या खोळी धुवायला अडाण नदीवर गेली. नवऱ्याकडे गाद्या भरायला आल्या की जुन्या खोळी धुऊन देणे तिच्याकडे असे. हमीदाला ती पाळण्यात झोपवून सासूच्या भरवशावर ठेवून गेली होती. सासू ठार बहिरी होती. पाळण्याकडे पाहत बसली तरच तिचा उपयोग. त्या दुपारी ती पाहता पाहता झोपली.

रौशन अंगणात तूर निवडीत होती. शकूर पोटभर पिऊन बाजेवर झोपला होता. पलीकडे हमीदा रडू लागली. प्रथम कुरकुर होती, मग रडणे, मग ते रडणे थांबून थांबून येऊ लागले. रौशनने सूप झटकले. सुग्राबीची मुलगी आहे, सुग्राबीने पाहावे.

मग छातीत ती ओळखीची कळ उठली, दोन्ही बाजूंना एकदम. तिने आधी शकूरकडे पाहिले. तो झोपला होता. त्याचे ओठसुद्धा हलत नव्हते. तिने कुडत्याला हात लावला. हात ओला झाला.

ती सूप घेऊन तशीच बसून राहिली. जे सोळा दिवस दात आवळून मिळवले, जे फक्त शकूरचे म्हणून तिने जपले होते, ते भिंतीपलीकडच्या पोरीने न विचारता मागितले होते आणि तिच्या शरीराने तिला न विचारता देऊन टाकले होते. सुग्राबीलाही कोणी विचारले नव्हते. हा विचार तिला नको होता, पण आलेला विचार आणि आलेले दूध दोन्ही परत जाण्यातले नव्हते. पलीकडे हमीदाचा आवाज बसू लागला होता.

रौशन उठली. शकूरच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, ओसरीतून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरली. यवतमाळहून आल्यापासून तिने या घरात पाऊल टाकले नव्हते. तिने हमीदाला उचलले आणि उंबऱ्याजवळ बसून पाजायला घेतले. ही पोर अडखळली नाही. तिने एकदा वर पाहिले, चेहरा आईचा नाही हे बहुधा पाहिले, आणि तरी ओढू लागली.

सुग्राबी आली तेव्हा तिच्या डोक्यावर ओल्या खोळींचे गाठोडे होते. ती दारात थबकली. रौशनने मान वर केली.

आपले मूल दुसरीच्या छातीशी पाहून सुग्राबीच्या चेहऱ्यावर जे उमटले ते फार वेळ टिकले नाही. पण रौशनला ओळखायला तितका वेळ पुरला. तो चेहरा तिने स्वतः दोन महिने बाळगला होता, आरशात नाही, आतून. चाळीस दिवस तिच्या मुलाला पाजताना, वाटी भिंतीवर ठेवताना आणि रिकामी परत घेताना सुग्राबीने तो एकदाही दाखवला नव्हता.

"लय रडून राह्यली होती," रौशन म्हणाली. "अम्मीले आईकू नाई आलं."

"पिऊ दे," सुग्राबी म्हणाली. "पोट भरू दे तिचं."

तिने गाठोडे उतरवले आणि पाठ करून खोळी दोरीवर टाकू लागली. एक टाकली, झटकली, काढली आणि पुन्हा टाकली. सहा खोळी होत्या. हमीदाने ओढणे थांबवले, तिचे तोंड सुटले, हात सैल पडला. रौशनने तिला आणखी थोडा वेळ तसेच धरून ठेवले. त्याची काही गरज नव्हती.

मग तिने पाहिले की गाठोड्यात एकही खोळ उरलेली नाही आणि सुग्राबी दोरीला हात लावून नुसती उभी आहे.

रौशन उठून तिच्याजवळ गेली. "घे, आपा."

सुग्राबी वळली. तिने ओले हात ओढणीला पुसले, आधी तळवे, मग मागची बाजू, मग एकेक बोट, अगदी कोरडे होईपर्यंत. आणि मगच ते पुढे केले.