नऊ वाजताचा फोन

रमाकांत बिवलकर टीव्हीवर होता, असं कुणी म्हटलं की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आजही चारचौघं हसतात. हसू देत. टीव्हीवर म्हणजे दौलतसिंहाच्या केबलवर, हे खरंच आहे. जयेंद्रगंजात बॅटरीच्या दुकानावर एक खोली, मागे निळा पडदा, समोर एक कॅमेरा आणि टेबलावर लाल फोन, एवढाच त्याचा स्टुडिओ. पण त्या खोलीतून हा माणूस सात वर्षं रोज नऊ वाजता आमच्या घरांत येऊन बसत होता, आणि आम्हीही ताटं पुढ्यात घेऊन त्याची वाट बघत होतो. हे मात्र आता कुणी कबूल करत नाही.

बोलण्याचा नाद त्याला पहिल्यापासून. गणेशोत्सवात निवेदन तोच करायचा, मेळ्याच्या मंडपात हौजीचे आकडे तोच पुकारायचा. नोकरी होती गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्यापाशी विकण्यासारखा आवाजच तेवढा उरला होता. घर चाललं ते त्याच्या बायकोच्या, वनमालाच्या पगारावर. ती एका मोठ्या सरकारी कचेरीत होती. छप्पन साली राजधानी भोपाळला गेली, तेव्हा रुसलेल्या ग्वाल्हेरची समजूत काढायला ज्या काही कचेऱ्या इथे ठेवल्या, त्यांतलीच ती एक.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘हॅलो लश्कर’. रमाकांत एक प्रश्न विचारायचा. बरोबर उत्तर घेऊन ज्याचा फोन सगळ्यांत आधी लागेल त्याच्याशी पुढे खेळ चालायचा, गप्पा व्हायच्या, आणि शेवटी एखादा कुकर नाहीतर थर्मास. फोन लागला की लोक आनंदाच्या भरात टीव्ही तसाच मोठ्यानं ठेवायचे, मग दोन्ही आवाज एकमेकांत शिरून शिट्टी वाजायची. म्हणून त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “पहले टीवी की आवाज़ कम कीजिए, बहनजी!” भाजीवालेसुद्धा त्याला हे वाक्य ऐकवून दाखवायचे. पलीकडचा आवाज मराठी निघाला की रमाकांत लगेच मराठीत यायचा आणि त्या घरातल्या लोणच्यापर्यंत चौकशी करायचा. खेळणाऱ्याची त्यानं कधी फजिती होऊ दिली नाही. उत्तर चुकलं तर म्हणायचा, “मीच प्रश्न नीट विचारला नाही, पुन्हा विचारतो.” हा गुण मोठमोठ्यांत नसतो, मी सांगतो.

मग दोन हजार साल उजाडलं आणि दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मोठ्या चॅनेलवर बरोबर नऊच्या ठोक्याला प्रश्नांचाच एक झगमगीत कार्यक्रम सुरू झाला आणि सगळा गाव तिकडे वळला. लाल फोन मुका झाला. रमाकांत प्रश्न विचारायचा, वाट बघायचा, मग स्वतःच उत्तर सांगून हसायचा. घरी येऊन न बोलता जेवायचा. आणि नोव्हेंबरात राज्याचे दोन तुकडे झाले. कचेऱ्यांचीही वाटणी झाली. अर्धी टेबलं इथे, अर्धी नव्या राज्याच्या राजधानीत, रायपूरला. वनमालाच्या वाट्याला रायपूर आलं. तिनं अर्ज केले, कारणं दिली, भोपाळला खेटे घातले. काही उपयोग झाला नाही. संक्रांतीनंतर ती एकटी गेली.

“दोन महिन्यांत मीही येतो,” रमाकांत म्हणाला होता. तेव्हा त्याच्या मनातही तसंच होतं. फोनच येत नसतील तर इथे राहायचं कशासाठी?

पण ती गेली आणि फोन यायला लागले.

एखाददुसरा नाही, रोज एक. कधी उषाताई, कधी कुसुमताई, कधी लीलाताई. बायका आपल्याच, ओळखीच्याच, पण फोन तो फोन. रमाकांतला पुन्हा तरतरी आली. शर्टाला पुन्हा इस्त्री होऊ लागली. दर रविवारी दुपारी तो एसटीडी बूथवर जाऊन रायपूरला फोन लावायचा. वनमालाचा पहिला प्रश्न ठरलेला, “फोन येतात ना हो?”

“येतात म्हणजे! रोज येतात. आता लोकांना असं अधांतरी सोडून कसा निघू, सांग?”

“नकाच सोडू,” ती म्हणायची. “माझं इथे छान चाललंय. शेजार चांगला आहे.”

असे दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे आठ. संध्याकाळी तो कुणाचं तरी पोळी-भाजीचं पार्सल घेऊन यायचा, अर्धं कार्यक्रमाआधी खायचा, अर्धं नंतर. एरवी घरी बोलायला कुणी नसायचं. कॅमेऱ्यासमोर ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत दिवसभरात त्याचा आवाज फुटलेला नसायचा. म्हणून तो जिन्यातच खाकरून घ्यायचा. पण फोन आहेत ना, असं तो स्वतःला सांगायचा. एवढी माणसं आपली वाट बघतात. मला विचाराल तर माणसाला जागेवर बांधून ठेवायला एवढं पुरतं.

वर्ष सरत आलं होतं. एका मंगळवारी कार्यक्रम सुरू झाला आणि थोड्याच वेळात दौलतसिंह काहीतरी पुटपुटत गच्चीवर पळाला. रमाकांत एकटाच कॅमेऱ्यासमोर. त्यानं प्रश्न विचारला, “किल्ल्यावर मानमंदिराच्या भिंतीवर कोणत्या पक्ष्याची रांग आहे?” हिंदीत विचारला, मग मराठीत. फोन वाजला. उचलायला दुसरं कुणी नव्हतं, त्यानंच उचलला.

“नमस्कार! मी कुसुमताई, किला गेटहून.”

“वा, वा! आधी टीव्हीचा आवाज कमी करा, कुसुमताई.”

आवाज कमी झाला, पण त्याआधी रमाकांतला तो ऐकू आला होता. आपला नव्हता. त्या दुसऱ्या कार्यक्रमाचं संगीत होतं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. “तर बोला, उत्तर काय?”

“प्रश्न तेवढा पुन्हा सांगता का?”

त्यानं सांगितला. “बदकं!” कुसुमताई म्हणाल्या. “लहानपणापासून खालून बघतेय. पिवळी पिवळी आहेत.” रमाकांतनं अभिनंदन केलं, लोणच्याची चौकशी केली, थर्मास देऊन टाकला. सगळ्यांना शुभरात्री म्हटलं. तेवढ्यात दौलतसिंह धापा टाकत खाली आला.

“भाई साहब, अपने चैनल की तार कटी पड़ी है. बगलवालों ने छत पर टंकी रखवाई, उसी में काट दी. शुरू से कुछ नहीं गया, पूरे लश्कर में झिलमिल है.”

“काहीच गेलं नाही?”

“एक शब्द नहीं.”

रमाकांतनं लाल फोनकडे पाहिलं. लष्करात एकाही घरात तो दिसत नव्हता, आणि तरीही त्याला फोन आला होता.

सकाळी तो किला गेटला कुसुमताईंच्या दारात. बाई पोळ्या करत होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी तवा उतरवला आणि आपणहूनच सांगायला लागल्या.

“बुरा नका मानू, रमाकांतराव. काल टीव्हीवर तुम्ही दिसलेच नाही, पण मंगळवार माझा ना. म्हटलं, बिचारे वाट बघत असतील.”

“मंगळवार तुमचा म्हणजे?”

“आता काय छुपवायचं? वनमालानं जायच्या आधी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं ना. आम्हाला वाण दिलं, स्टीलच्या वाट्या. आणि म्हणाली, मला उलट काही द्यायचं असेल तर प्रत्येकीनं एकेक वार द्या. आपल्या वाराला ह्यांना फोन करायचा. मी गेल्यावर घर रिकामं, निदान फोन तरी रिकामा नको. आम्ही सातजणी. सोमवार उषाताई, मंगळवार मी, शनिवार लीलाताई...”

“वर्षभर?”

“तेच तर! कधीपर्यंत ते तिनं सांगितलंच नाही. तिलाही वाटलं असेल, दोन महिन्यांत तुम्ही जालच. आणि हळदीकुंकवाच्या हातानं कबूल केलेलं, ते आपल्या मनानं सोडायचं कसं? उद्यापन तिनंच सांगायला हवं ना.” त्यांनी पदरानं हात पुसले. “आम्ही म्हटलं, तुम्हाला इथेच चांगलं वाटतंय. खुश दिसत होते तुम्ही.”

रमाकांत चहा न घेताच उठला. रस्त्यात त्याला भयंकर राग आला, आधी बायकांचा, मग वनमालाचा. सात बायकांनी मिळून आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं. किला गेटपासून जयेंद्रगंजापर्यंत तो चालतच आला, आणि चालता चालता राग उतरत गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. रोजचा फोन तिनं लावून दिला म्हणून तो थांबला होता. तो थांबला म्हणून ती तिथे एकटी राहिली होती. आणि दर रविवारी ती विचारत होती, फोन येतात ना? एकदा खरं बोलली असती तर तो आला असता. पण खरं बोलायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तुम्हाला इथे कुणी बघत नाही. ते तिच्यानं झालं नाही. माझ्यानंही झालं नसतं.

त्या आठवड्यात त्यानं कार्यक्रम नेहमीसारखाच केला. बुधवारचा, गुरुवारचा, शुक्रवारचा फोन घेतला, प्रत्येकीचं अभिनंदन केलं. शनिवारी लीलाताईंचा आला. त्यांच्या नातीला ताप होता, तरी बाई वेळेवर हजर. रमाकांतनं तापाची चौकशी केली आणि त्यांना कुकर दिला. कुणालाही कळू दिलं नाही की त्याला कळलंय.

रविवारी दुपारी तो बूथवर गेला.

“फोन येतात ना हो?” वनमालानं विचारलं.

“नाही,” रमाकांत म्हणाला. “काल कुणाचाच आला नाही.”

“काल? काल तर शनिवार, लीलाताईंना बरं नाही का...” आणि ती थांबली.

बूथमधला बिलाचा आकडा पुढे पळत होता. खेळणारा अडकला की त्याला सोडवायचं, हे रमाकांतच्या हाडात मुरलेलं होतं. लीलाताईंचं नाव त्यानं ऐकलंच नाही असं केलं.

“परवाही नाही,” तो म्हणाला. “बरेच दिवस झाले, कुणी करत नाही. तू काळजी करशील म्हणून बोललो नाही. संपलं गं ते. मला इथे आता कुणी बघत नाही.”

पलीकडून आधी श्वासच ऐकू आला. मग वनमाला रडायला लागली. भाऊ गेला तेव्हाही जी बाई चारचौघांत डोळे कोरडे ठेवून उभी होती, ती हमसून हमसून रडत होती.

“मग या ना हो,” ती म्हणाली. “मला इथे कुणी नाही. कचेरीतून येते आणि दार लावते, ते सकाळी उघडते. शेजारी कोण राहतं तेसुद्धा मला ठाऊक नाही. मीच म्हणायचे, छान चाललंय. काय छान चाललंय?”

बाहेर रांगेतल्या कुणीतरी काचेवर टकटक केली. रमाकांतनं पाठ फिरवली. आपल्या आवाजावर त्याचा फार जीव होता, आणि त्या आवाजापायी एक वर्ष गेलं होतं. हे तो तिला सांगणार नव्हता, आणि तीही त्याला कधी विचारणार नव्हती.

“ऐकताय ना?” ती म्हणाली.

“ऐकतोय,” तो म्हणाला. “तू बोल.”