मेंदूदर्शन केंद्रातला लाल डाग

रांग जिन्यावरून उतरून थेट रस्त्यापर्यंत आली होती. कुणाला नोकरी सोडायची होती, कुणाला ठरलेलं लग्न मोडायचं होतं, एका शिंपीणबाईंना दुकान हलवायचं होतं. निर्णय मात्र कुणालाच घ्यायचा नव्हता. तो घेऊन देणारे 'सर' आत बसले होते.

"तोंडाला खोटं बोलता येतं, मेंदूला येत नाही!" पांढऱ्या कोटातले सर गरजले. "हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. इस्पितळातलाच स्कॅन, पण झटपट! यात मी कोण? मी नुसती खिडकी उघडतो!"

ही खिडकी म्हणजे तारा लावलेली रबरी टोपी आणि भिंतीवरचा पडदा. टोपी डोक्यावर चढायची, सर प्रश्न विचारायचे, की पडद्यावरच्या मेंदूत लगेच डाग पेटायचा. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा.

भाऊजींनी माझ्या ताईला तिथंच नेलं होतं. ताईच्या कपाळामागे गाठ होती. चाळीस शिक्षकांचं वेळापत्रक एका बैठकीत बसवणारी माझी ताई आता गाळणी हातात घेऊन उभी राहायची आणि चहाचं पाणी ठेवायचंच विसरायची. "झोपतेस?" विचारलं तर "हो". "उठतेस?" तरी "हो".

इस्पितळात तिला मोठ्या यंत्रात निजवून कोडी सोडवायला दिली होती : आधी कुठला ठोकळा हलवायचा, मग कुठला. बेत आखताना मेंदूचा कुठला भाग राबतो ते पाहायचं आणि तो वाचवून गाठ काढायची. "दोन आठवड्यांच्या आत करू. थांबू नका," सर्जनबाई म्हणाल्या होत्या.

सरांच्या पडद्यावर लाल डाग पेटला.

"तिला ऑपरेशन नकोय गं," भाऊजी घरी येऊन म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"भाऊजी, ती तर सगळ्यालाच हो म्हणते."

"ते तोंड! आतून ती शाबूत आहे."

ताई आतून शाबूत असावी, हे मलाही हवंच होतं. मी रोजचा जप वाढवला आणि गप्प बसले. अठरा दिवस. ही चूक माझी. ती सरांच्या माथी मारणार नाही.

एकोणिसाव्या दिवशी ताईचा उजवा हात लुळा पडला. मी धावत इस्पितळात स्कॅन करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून एकच विचारलं, "डाग किती वेळानं आला?"

"लगेच."

"आमचं यंत्र रक्त पाहतं. मेंदू कामाला लागला, की तिथलं रक्त वाढायला चार-सहा सेकंद जातात. डोकं तसूभर हलू न देता तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. टोपीच्या तारांनी विजेच्या लहरी कळतील. मनातला निर्णय असा चुटकीसरशी नाही कळत. चला, मला नेऊन दाखवा."

सही भाऊजींची लागणार होती, म्हणून ताईला भरती करून आम्ही त्यांनाही सोबत नेलं. केंद्राच्या दारात अर्ज भरायचा असे. प्रश्न लिहायचा आणि शेवटच्या ओळीत 'नातेवाइकांचा कल'. आम्ही दोन अर्ज भरले. प्रश्न एकच : स्कॅनच्या बाईंनी बदली घ्यावी का? पहिल्यात मी कल लिहिला, 'घ्यावी'. हिरवा डाग आला. भाऊजींनी दुसऱ्यात लिहिलं, 'नको'. लाल डाग आला.

"अर्ध्या तासात माझा मेंदू फिरला का हो?" खुर्चीवरून बाईंनी विचारलं.

"मन चंचल असतं, बाई!" सर हसले. रांगही हसली.

"असेल. पण टोपीतून पडद्याकडे जाणारी ही वायर मघापासून माझ्या मांडीवर आहे. लाल डागाच्या आधीच मी ती काढली होती."

हसू थांबलं. सर टेबलाला चिकटून बसले ते उठेनात. रांगेतल्या शिंपीणबाईंनी पुढे होऊन टेबलावरचं कापड उचललं.

"अगं बाई! ही तर शिलाई मशीनची पायडलं! एक नाही, दोन!"

एकावर पाय दिला की हिरवं चित्र, दुसऱ्यावर लाल. अर्जातला कल वाचायचा आणि त्याप्रमाणे पाय दाबायचा. एवढीच ती विद्या.

भाऊजींनी टेबलावरचा आपला अर्ज उचलून पुन्हा वाचला.

"तिच्या अर्जात मी तेव्हा लिहिलं होतं, 'भीती वाटते, नको वाटतं,'" ते म्हणाले. "तिचं नव्हतंच गं ते. माझंच मला दाखवलं."

त्याच दुपारी नवा स्कॅन झाला. जो भाग वाचवायचा होता, तो आता गाठीनं वेढला होता. भाऊजींनी सही केली. ताई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. वेळेत नेली असती तर वाचली असती का, हे सर्जनबाईही छातीठोक सांगत नाहीत. त्या खोटं बोलत नाहीत, म्हणूनच सांगत नाहीत.

मी देव मानते, पुढेही मानेन. पण भीती वाटते म्हणून आपला निर्णय परक्याच्या हाती देऊ नका. डॉक्टरांना शंका विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चमत्कारी यंत्र दिसलं तर विचारा : हे काय मोजतं, कसं मोजतं, वायर काढली तर काय होईल? या प्रश्नांनी जो चिडेल, त्याच्या दारातून माघारी फिरा.

आणि लवकर फिरा.