मावशीच्या दोरीवरचे कपडे

लेकीचे कपडे धुवायचे आपल्या घरी आणि वाळत घालायचे मावशीकडे, हा त्या घरचा चार वर्षांचा शिरस्ता. घर नाल्याकाठी होतं. तिथल्या दोरीवर वाळलेल्या कपड्यांना वास लागायचा, आणि त्या वासापायी मुलीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. मुलगी शिकलेली, नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात नोकरीला. पण पत्ता सांगितला की समोरचे नाक मुरडत. म्हणून आई दुखऱ्या गुडघ्यांनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन चढावरच्या बहिणीकडे जाई. दमून जाई बिचारी.

तिसरं स्थळ टेकडीवरचं होतं. बघण्याचा कार्यक्रम अर्थातच मावशीकडे ठरला. नाल्याचं नाव काढायचं नाही, असं मावशीने दोघींना बजावून ठेवलं होतं.

ते काढलं मुलाच्या आईनेच. चहा संपवून त्या म्हणाल्या, "तुम्ही नाल्याकाठी राहता ते कळलंय आम्हाला. लपवायचं काही कारण नव्हतं. मुलगी पसंत आहे. फक्त एक अट आहे, लग्नानंतर तिने माहेरी जायचं नाही. भेटावंसं वाटलं तर इथे मावशींकडे भेटा. तो वास आमच्या घरात यायला नको."

मुलगा कपाच्या तळाशी काय उरलंय ते बघत राहिला.

मुलीला वाटलं, आई आता दोन शब्द सुनावेल.

"चालेल," आई म्हणाली.

त्या आवाजात राग नव्हता की रडू नव्हतं, नुसता थकवा होता. आजारपणात, बाळंतपणात, काहीच नाही तर निवांत दोन घास खायला जिथे यायचं, ते घर आईने स्वतःच्या तोंडाने बंद करून टाकलं होतं.

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

मावशीने डोळे वटारले, पण मुलगी थांबली नाही.

"काकू, तुमची इमारत पाण्याच्या टाकीला लागून आहे ना? मंगळवारी मी तिथे आले होते. कुणाचं सांडपाणी कुठे जातं ते बघायला आम्ही संडासात हिरवा रंग ओततो. तुमच्या इमारतीतला रंग मोठ्या गटारात आलाच नाही. पाऊणएक तासाने आमच्या दारावरून नाला हिरवागार वाहत गेला. संध्याकाळी आईने मला विचारलंसुद्धा, आज नाल्याला काय झालं होतं म्हणून."

मुलाने कप खाली ठेवला. मुलगी पुढे म्हणाली,

"तो वास आमचा नाही, काकू. वरून तुम्ही पाठवता. आम्ही फक्त त्याच्या शेजारी राहतो."

स्थळ गेलं, हे सांगायला नकोच. पाहुणे उठल्यावर आईने मावशीच्या दोरीवरचे कपडे काढले. ते अजून ओलसर होते.

वाचकहो, तो नाला टेकडीवरच्या पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी होता. चढावरच्या भल्या माणसांनी नाकाला रुमाल लावण्याआधी आपल्या संडासाचं पाणी कुठे जातं एवढं विचारलं असतं, तर कितीतरी मुलींना आपला पत्ता लपवावा लागला नसता.

घरी आल्यावर आईने खिडकी उघडली आणि नाल्याकडच्या दोरीवर एकेक कपडा पसरला.

"इथेच वाळू देत आता. माझे गुडघे दुखतात."

तिने खिडकीतून खाली नाल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझा तो रंग उरलाय का गं?"

"डबाभर आहे."

"मग टेकडीवरची एकही इमारत सोडू नकोस."